परभणीची सपाट वाट आणि सायकलीची दोन हात जागा

परभणी जिल्ह्याचा मधला पट्टा इतका सपाट आहे की, तो सायकलसाठीच घडला असावा, असे पाहणाऱ्यास वाटावे. उत्तरेस जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगेचे फाटे उतरत येतात, दक्षिणेस गंगाखेडच्या पलीकडे बालाघाटचे चढ सुरू होतात. मध्ये मात्र गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यांची काळी जमीन दूरवर पसरलेली आहे. कापूस, सोयाबीन, तूर, आणि थंडीत डोलणारी ज्वारी. घाट नाही, दमछाक करणारा चढ नाही. साठी-सत्तरीच्या माणसानेही संथपणे पायडल मारीत शेजारचे गाव गाठावे, अशीच ही भूमी आहे.

एके काळी तसे घडतही होते. शिक्षक, पोस्टमन, दूधवाले, तालुक्याला कामासाठी जाणारे शेतकरी या सर्वांचे वाहन सायकलच होते. नगरपालिकेचा कर भरून मिळणारा बिल्ला, रात्री दिवा नसल्यास होणारा दंड, तासाच्या भाड्याने मिळणारी सायकल आणि मोठ्या सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून शिकलेली ‘कैची’ यांविषयी सत्तरी ओलांडलेल्या वाचकांना काही सांगावे लागत नाही. आज त्यांपैकी अनेकांच्या ओसरीत सायकल उभी असते आणि तिला कुलूप असते. हे कुलूप बहुधा मुलाने किंवा सुनेने लावलेले असते, आणि ते काळजीपोटीच असते. “बाबा, आता रस्त्यावर सायकल नको,” हे वाक्य किती घरांत उच्चारले गेले असेल! वडिलांचा तोल जातो म्हणून, दृष्टी अधू झाली म्हणून कुलूप लागले असेल, तर त्यास माझा विरोध नाही. परंतु पाय धड आहेत, डोळे ठीक आहेत, केवळ रस्ता भरवशाचा नाही म्हणून घरातील माणूस खुर्चीला खिळत असेल, तर दोष त्या माणसाच्या वयाचा मानता येत नाही. हा भेद मनात ठेवून मी दिवाळीनंतरच्या एका आठवड्यात जिल्ह्यातील काही रस्ते पाहिले. सारे अंतर सायकलने तोडण्याचा हट्ट धरला नाही. थोडे सायकलने, बरेचसे एसटीने.

प्रारंभ परभणी शहरातून केला. १९७२ साली स्थापन झालेल्या आणि आता वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणाऱ्या मराठवाडा कृषी विद्यापीठाचा परिसर सकाळच्या प्रहरी पाहण्यासारखा असतो. परभणीतील कडाक्याच्या थंडीचे जे आकडे आपण वर्तमानपत्रात वाचतो, त्यांची नोंद येथील हवामान विभाग करतो. दोन्ही बाजूंना झाडे, प्रयोगाची शेते आणि मंदगती वाहने यांमुळे येथे फिरणाऱ्या वृद्धांच्या चेहऱ्यावर एक निश्चिंतता दिसते. मी मुद्दाम पाहिले. येथील रस्त्यात विशेष असे काहीच नाही. रंगवलेली मार्गिका नाही, फलक नाही. वाहने सावकाश जातात, एवढेच. मुख्य रस्त्यावर आले की हीच माणसे खांदे आकसून, मागे वळून वळून पाहत चालू लागतात.

वेगाचा हा परिणाम भासमान नाही. वाहनांचा सरासरी वेग शेकडा १ ने वाढला, तर प्राणघातक अपघाताचा धोका शेकडा ४ ने वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शहरातील शाळा, दवाखाने आणि भाजीबाजार यांच्या अवतीभवती वाहनांचा वेग ताशी ३० किलोमीटरवर आणणे हा म्हणूनच सर्वांत स्वस्त सायकलमार्ग होय. त्यासाठी जमीन संपादित करावी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी गंगाखेडचा रस्ता धरला. वाटेत पोखर्णी येते, तेथे नृसिंहाचे प्रसिद्ध देवस्थान आहे. पुढे दैठणा, आणि मग गोदावरीच्या काठी संत जनाबाईंचे गंगाखेड. हा रस्ता पाहताना माझी दृष्टी सतत डांबराच्या कडेवर होती. शासकीय भाषेत तिला काहीही म्हणोत, आपल्याकडे तिला साइडपट्टी म्हणतात. सायकलस्वाराचे सारे जीवित या साइडपट्टीवर अवलंबून असते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. त्यामुळे तिच्यावरील रस्त्याची कड सतत हलते आणि तुटते. साइडपट्टीवर टाकलेला मुरूम दोन पावसांत वाहून जातो. रस्त्यावर नवा थर चढला की पृष्ठभाग उंच होतो, कड मात्र तेथेच राहते. सिमेंटच्या रस्त्यांना तर ही पायरी अधिकच धारदार असते. मागून ट्रकचा भोंगा वाजला की सायकलस्वार डावीकडे सरतो, पुढचे चाक त्या पायरीवरून खाली घसरते आणि तोल जातो. धक्का कोणीच दिलेला नसतो. ट्रकचालकाला तर घडले ते कळतही नाही.

तरुण माणूस अशा पडण्यातून खरचटून उठतो. वृद्धाचे खुब्याचे हाड मोडते आणि पुढील सारे आयुष्य बदलते. आणखी एक गोष्ट घरातील सर्वांनी लक्षात ठेवावी. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणारी व्यक्ती डोक्यावर पडली असेल, तर ती व्यवस्थित बोलत-चालत असली तरी तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. आत सावकाश होणारा रक्तस्राव वरून दिसत नाही. हेल्मेट वृद्धांनीही घालावे ते याचसाठी.

ऊस गळीत हंगामात या बाजूच्या रस्त्यांवर आणखी एक संकट उभे राहते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, बाहेर आलेली उसाची वाढे, आणि अनेकदा मागे दिवाही नाही, रिफ्लेक्टरही नाही. पहाटेच्या धुक्यात अशी ट्रॉली रस्त्यात उभी असेल, तर ती जवळ जाईपर्यंत दिसत नाही. हंगामाच्या आरंभी कारखान्यांनी प्रत्येक ट्रॉलीला लाल चकाकणारी पट्टी लावल्याशिवाय ऊस घेऊ नये, एवढा आग्रह गावांनी धरला तरी बरेच साधेल.

याच रस्त्यावर मला जिल्ह्यातील सर्वांत आशादायक उदाहरणही आठवले. शेगावहून पंढरपूरला जाणारी श्री गजानन महाराजांची पालखी दरवर्षी याच जिल्ह्यातून जाते. त्रिधारा, परभणी, दैठणा, गंगाखेड आणि पुढे परळी, असा तिचा मार्ग आहे. त्या दिवसांत हाच रस्ता पायी चालणाऱ्यांना जागा देतो. ट्रक थांबतात, पोलीस वाहने वळवतात, गावकरी कडेचे खड्डे बुजवतात, पाण्याची सोय करतात. टाळ-मृदंगाच्या मागे चालणाऱ्या वारकऱ्याला कोणी भोंगा वाजवून बाजूला सारत नाही. रस्ता रुंद झालेला नसतो. त्यावर पहिला हक्क कोणाचा, याविषयी सर्वांचे एकमत झालेले असते, इतकेच. नाशिकचे सायकलप्रेमी पंढरपूरपर्यंत सायकलवारी काढतात, तीही याच भावनेचा आधार घेऊन. आषाढात जे एकमत होते, ते कार्तिकात आणि फाल्गुनात का होऊ नये, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहिला नाही.

जिंतूरच्या रस्त्यावर, झरी आणि बोरी या गावांच्या आसपास, सकाळी शाळेला निघालेल्या मुली दिसल्या. मानव विकास कार्यक्रमाखाली मराठवाड्यातील मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना शासन सायकल देते. दूरच्या मुलींसाठी याच कार्यक्रमाच्या निळ्या एसटी गाड्या आहेत. या योजनेचे मोल कमी लेखू नये. बिहारने २००६ मध्ये मुलींना सायकली देण्यास आरंभ केला. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण शेकडा ३२ ने वाढल्याचे आणि मुलामुलींमधील तफावत शेकडा ४० ने घटल्याचे आढळले. दोन चाकांनी एवढे साधते. परंतु सायकल हाती देणे आणि सायकल चालवण्याचे शिक्षण देणे या भिन्न गोष्टी आहेत. तिघी मैत्रिणी गप्पा मारीत एका ओळीत, रस्त्याच्या मध्यापर्यंत पसरून जात होत्या. त्यांना दोष कसा द्यावा? त्यांना हे कोणी शिकवलेलेच नाही.

शिकवायचे तरी काय? मागे वळून पाहताना हँडल सरळ ठेवणे. वळण्यापूर्वी हात दाखवणे. दोन्ही ब्रेक एकदम, पण हळूहळू दाबणे. डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या डाव्या बाजूस कधीही न शिरणे, कारण तेथे चालकाला आपण दिसत नाही. फाट्यावरून महामार्गावर येताना एक पाय जमिनीवर टेकवून पूर्ण थांबणे. शाळेच्या मैदानावर चुन्याच्या रेषा आखून हे सारे चार-पाच तासिकांत होते. नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गांतील मुले वाहतुकीची लेखी परीक्षा देतात आणि सायकलवर प्रत्यक्ष रस्त्यावरील परीक्षाही देतात. तो देश आरंभापासून असा नव्हता. १९७१ मध्ये तेथील रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत ४०० हून अधिक बालके होती. त्यानंतर पालक रस्त्यावर उतरले, ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा अर्थाचे नाव घेऊन चळवळ उभी राहिली, आणि आज ज्याचे कौतुक होते ते सायकलमार्ग त्या दुःखातून आणि चिकाटीतून निर्माण झाले.

आपल्या जवळचा दाखला हवा असेल, तर तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्याचा घ्यावा. तोही परभणीसारखाच शेतीवर जगणारा, फारसा नावारूपास न आलेला जिल्हा. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथील साक्षरता चळवळीत जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी स्त्रियांसाठी सायकल शिकण्याचा समावेश केला. शेतमजूर, खाणकामगार, अंगणवाडी सेविका असलेल्या लक्षावधी नव्हे तरी सुमारे एक लाख ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या, असे पत्रकार पी. साईनाथ यांनी नोंदवले आहे. एका जिल्ह्याच्या मनात आले, तर एवढे होऊ शकते.

या शिक्षणात वृद्धांना मोठे काम आहे, असे मला वाटते. ज्यांनी आयुष्यभर या रस्त्यांवर सायकल चालवली, कोणत्या वळणावर झाडीमुळे समोरचे दिसत नाही आणि कोणत्या पुलाचा कठडा तुटका आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी नातीबरोबर एकदा शाळेपर्यंत जाऊन यावे. सायकल चालवणे शक्य नसेल, तर कोणाच्या गाडीवर मागे बसून जावे. अशा एका फेरीत आजोबांना जे दिसेल, ते अभियंत्याच्या नकाशात नसते.

आता ज्यांच्या घरी ते कुलूप आहे, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर. सायकल चालवताना शरीराचा बराच भार सीटवर असतो, त्यामुळे गुडघ्यावर ताण कमी येतो आणि सांधेदुखी असलेल्या अनेकांना चालण्यापेक्षा ती सुसह्य वाटते. पासष्टीनंतरही आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि आठवड्यातून तीन दिवस तोल व स्नायूंची ताकद राखणारे व्यायाम करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. सायकलीने पहिली गरज चांगली भागते. हाडांच्या बळकटीसाठी मात्र ती पुरेशी नाही, कारण शरीराचे वजन हाडांवर येत नाही. त्यासाठी चालणे सोडू नये. पुन्हा सुरुवात करण्यापूर्वी मोकळ्या मैदानावर तीन गोष्टी पाहाव्यात. सरळ रेषेत जाता जाता मान वळवून मागचे पाहता येते काय? एका हाताने हँडल धरून दुसरा हात दाखवता येतो काय? थांबताना कोणाच्या आधाराविना उतरता येते काय? यांपैकी एकही जमत नसेल, तर रस्त्याचा विचार तूर्त सोडावा आणि घरातील स्थिर सायकल वापरावी. मान आखडलेल्यांनी हँडलला आरसा लावावा. दांडा नसलेली, ज्याला आपण लेडीज सायकल म्हणतो ती, वृद्ध पुरुषांनीही निःसंकोच वापरावी. पाय उंच टाकावा लागत नाही. सीट इतकीच उंच असावी की बसल्या बसल्या चवडे जमिनीला टेकतील. मोतीबिंदू असणाऱ्यांनी समोरून येणाऱ्या दिव्यांची तिरीप लक्षात घेऊन अंधारात निघू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. मे महिन्यात परभणीचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी त्या दिवसांत सकाळी आठनंतर सायकलला हात लावू नये.

ज्यांना यापुढे स्वतः सायकल चालवणे शक्यच नाही, त्यांच्यासाठीही या विषयाचे दार बंद होत नाही. कोपनहेगन येथे ओले कासो यांनी २०१२ मध्ये एक उपक्रम सुरू केला. वृद्धाश्रमातील माणसांना पुढे आसन असलेल्या तीनचाकी सायकलीत बसवायचे आणि स्वयंसेवकाने मागून ती चालवत त्यांना गावातून फिरवून आणायचे. तो आज अनेक देशांत पोहोचला आहे. आपल्या सायकलरिक्षाचेच हे भावंड. अर्थात, गुळगुळीत आणि शांत रस्ता असेल तरच ते शक्य आहे.

असा रस्ता या जिल्ह्यात कोठे मिळेल, याचा शोध घेत मी मानवतच्या बाजूस गेलो. जायकवाडीचा पैठण डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा आहे, आणि पाथरी, मानवत, परभणी या भागांतील शेतीला त्याचे पाणी मिळते. कालव्याच्या कडेने पाहणीसाठी ठेवलेली वाट जाते. तिच्यावर जड वाहतूक नाही, चढउतार जवळजवळ नाही, कारण पाणी ज्या मंद उताराने वाहते त्याच उताराने ती वाटही जाते. गावांना गावे जोडणारा सायकलमार्ग आधीच आखलेला आहे, अशी कल्पना कोणासही सुचेल. परंतु तिचे गोडवे गाण्यापूर्वी तेथे उभे राहून पाहावे. वाट कोठे बाभळींनी बुजलेली, कोठे खचलेली. आणि पाण्याच्या बाजूस काहीही आडोसा नाही. पाळी सुटलेली असताना भरून वाहणारा कालवा लहान मुलाला वा तोल गेलेल्या वृद्धाला परत देत नाही. म्हणून संपूर्ण कालव्याची मागणी न करता, गाव आणि शाळा यांमधील दोन-तीन किलोमीटरचे तुकडे निवडावेत, तेथे पाण्याच्या बाजूस कठडा आणि वाटेवर दाबलेला मुरूम मागावा, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

मोठ्या योजनांचा अनुभव आपल्यासमोर आहेच. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. तेथील महापालिकेने २०१७ मध्ये ८२४ किलोमीटरच्या जाळ्याचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. आराखडा विचारपूर्वक केलेला आहे. तरीही शहरातील कित्येक सायकलमार्गांवर आज दुचाकी उभ्या असतात आणि मार्ग मध्येच संपतात. तुटक मार्ग म्हणजे अर्धा पूल. परभणीने आराखड्याच्या लांबीचा मोह धरू नये. एक शाळा, एक दवाखाना, एक बाजार यांना जोडणारा अखंड तुकडा पुरे.

मागणी कोणाकडे करावी, येथे बहुतेकांचा गोंधळ होतो आणि अर्ज टेबलांवरून फिरत राहतो. राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या यंत्रणेकडे. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. गावांना जोडणारे लहान रस्ते जिल्हा परिषदेकडे. शहरातील रस्ते महानगरपालिकेकडे वा नगरपालिकेकडे. आणि कालव्याची वाट जलसंपदा विभागाकडे असते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीसमोर या सर्वांचे अधिकारी एकत्र बसतात, म्हणून अर्जाची एक प्रत तेथे अवश्य द्यावी. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने, पायी चालणारे आणि यंत्राविना चालणारी वाहने यांच्यासाठी नियम करण्याचा अधिकार राज्य शासनाला दिला आहे. सायकलमार्ग कसे असावेत याची भारतीय रस्ते काँग्रेसची मार्गदर्शिका १९६२ पासून आहे आणि २०१५ मध्ये ती सुधारली गेली. अर्जात यांचा उल्लेख असला की तो कृपेची याचना राहत नाही.

अर्ज मात्र मोघम नसावा. “रस्ता खराब आहे” असे लिहिलेल्या कागदाला “नोंद घेतली” एवढेच उत्तर येते. कोणत्या गावापासून कोणत्या शाळेपर्यंत, किती मुली आणि किती वृद्ध रोज जातात, कोणत्या किलोमीटरच्या दगडापाशी कड किती इंच खाली गेली आहे, हे टेपने मोजून, छायाचित्रासह लिहावे. निवृत्त शिक्षक, तलाठी, पोस्टमास्तर यांच्याइतके हे काम नेटकेपणाने दुसरे कोण करील? ग्रामसभेचा ठराव जोडलेला असल्यास उत्तम. त्यासाठी १५ ऑगस्टची ग्रामसभा सोयीची पडते. पावसाळा संपला की साइडपट्ट्या भरण्याची आणि खड्डे बुजवण्याची कामे निघतात, तेव्हा मोजणी आषाढात पहिल्या मोठ्या पावसानंतर करावी. मुरूम कोठून वाहून गेला, ते त्या दिवसांत उघड्या डोळ्यांना दिसते.